डॉ. जॉन विल्सन व त्यांची पवित्र भूमीची यात्रा

चैत्र महिना लागला की चंद्रपुराकडे येणाऱ्या वाटा माणसांनी भरून जातात. डोक्यावर गाठोडे, कडेवर मूल, पायांवर कोसाकोसाची धूळ, अशी शेकडो कुटुंबे महाकालीच्या यात्रेस येतात आणि झरपटीच्या काठी उतरतात. महाशिवरात्रीस वैनगंगेच्या तीरी मार्कंडा येथे गडचिरोलीकडील खेडीच्या खेडी लोटतात. आमच्या शाळेतील पुष्कळ मुलांच्या घरची मंडळी या यात्रांस जातात. आणि यात्रा करून आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी वर्गात येतो तेव्हा आपण काही पाहून आलो, हा आनंद त्याच्या चेहऱ्यावर लपत नाही.

गेल्या वर्षी पवित्र शास्त्राच्या तासास आम्ही भिंतीवर पॅलेस्टाईनचा नकाशा लावून यार्देन नदी, गालील समुद्र, यरुशलेम नगर ही स्थळे काठीने दाखवीत होतो. इतक्यात मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि आपण स्वतः तेथे जाऊन आलात काय, असे त्याने आम्हास विचारले. आम्ही नाही म्हणताच त्याने पुढे विचारले की, आपली आजी दरवर्षी पायी मार्कंड्यास जाते. मग ज्यांनी आपल्या धर्माची भूमी डोळ्यांनी पाहिलीच नाही त्यांचा विश्वास अर्धा म्हणावा काय? वर्ग हसला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर मात्र त्या वेळी आम्हास नीट देता आले नाही.

त्या प्रश्नाचा विचार करीत असता आम्हास एका थोर पुरुषाचे चरित्र आठवले. डॉ. जॉन विल्सन हे त्यांचे नाव. मुंबईचे विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते तेच हे गृहस्थ. आयुष्याची सेहेचाळीस वर्षे त्यांनी महाराष्ट्राच्या सेवेत घालविली आणि मधल्या काळात, १८४३ साली, एका हिंदी तरुणास सोबत घेऊन त्यांनी मिसर देश, सीनायचे रान आणि पॅलेस्टाईन यांतून प्रवास केला. त्या प्रवासाकडे विशेष लक्ष ठेवून त्यांचे चरित्र आम्ही या अंकात बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहोत.

विल्सनसाहेबांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंड देशात बर्विकशायर परगण्यातील लॉडर या लहानशा गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. लहानपणीच विद्येची गोडी लागल्यामुळे ते एडिंबरो येथील विद्यापीठात गेले, तेथे त्यांनी धर्मशास्त्राचा अभ्यास केला, आणि हिंदुस्थानात जाऊन सेवा करावयाची असा त्यांचा निश्चय झाला. १८२८ साली मार्गारेट बेन या सुशिक्षित व धर्मशील बाईंशी त्यांचा विवाह झाला. नवविवाहित दांपत्य लगेच जहाजावर चढले आणि १८२९ च्या फेब्रुवारी महिन्यात मुंबई बंदरात उतरले.

मुंबईत उतरल्याबरोबर व्याख्याने देण्याची घाई त्यांनी केली नाही. ज्या लोकांत राहावयाचे त्यांची भाषा प्रथम आली पाहिजे, हे ओळखून पतिपत्नी कोकणात बाणकोट व हर्णै येथे जाऊन राहिली आणि मराठी शिकू लागली. पुढे गुजराती, हिंदुस्थानी, संस्कृत, फारसी या भाषाही साहेबांनी आत्मसात केल्या. इब्री भाषेचे, म्हणजे ज्या भाषेत जुना करार लिहिला गेला तिचे, ज्ञान त्यांस होतेच. कोकणच्या किनाऱ्यावर त्यांस बेने इस्राएल समाजाचे लोक भेटले. हे लोक तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. घरी त्यांची भाषा मराठी; परंतु आपण इस्राएलाच्या वंशातले, ही स्मृती त्यांनी शतकानुशतके जपली होती. पूर्वजांची इब्री भाषा मात्र त्यांपैकी फार थोड्यांस येत असे. विल्सनसाहेबांनी १८३२ साली इब्री भाषेचे व्याकरण मराठीत लिहून प्रसिद्ध केले. अब्राहामाच्या वंशजांस त्यांच्या पूर्वजांची भाषा शिकविण्याकरिता एका स्कॉटिश माणसाने मराठीची मदत घ्यावी, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनी मनात धरण्याजोगी आहे. मातृभाषा ही किती दूरवरची दारे उघडू शकते, हे यावरून कळते.

त्याच वर्षी मुंबईत त्यांनी इंग्रजी शाळा काढली. विल्सन कॉलेजाचे मूळ ते हेच. मार्गारेटबाईंनी मुलींकरिता शाळा काढल्या. मुलींनी अक्षर गिरविणे हे अशुभ मानण्याचा तो काळ. बाईंनी घरोघर जाऊन आयांची समजूत घातली, स्वतः मराठीत धडे घेतले, आणि थोड्याच वर्षांत त्या कामाचा पाया घातला. परंतु मुंबईची हवा त्यांस मानवली नाही. १९ एप्रिल १८३५ रोजी त्या वारल्या. विल्सनसाहेबांचे वय तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते. दुःख मनात ठेवून ते पुन्हा कामास लागले आणि तीन वर्षांनी पत्नीचे चरित्र त्यांनी लिहिले.

याच काळातील एक हकिकत इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावी. काठेवाडात गिरनारच्या पायथ्याशी एक प्रचंड शिळा आहे. तिच्यावर कोणास न वाचता येणारी अक्षरे कोरलेली होती. १८३५ साली विल्सनसाहेबांनी ती शिळा पाहिली, आणि पुढे त्या लेखाचा ठसा उतरवून घेऊन कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांजकडे पाठविला गेला. प्रिन्सेप यांनी जुनी ब्राह्मी लिपी उलगडली तेव्हा तो लेख अशोक राजाचा ठरला. आणि त्यात सीरियाचा अंतियोख व मिसर देशाचा तुरमय, म्हणजे टॉलेमी, अशा यवन राजांची नावे सापडली. आपला देश व पवित्र शास्त्रातील देश यांचे दळणवळण ख्रिस्तजन्मापूर्वीच सुरू होते, याची साक्ष अशा रीतीने आपल्याच देशातील एका दगडाने दिली.

आता आम्ही एका कठीण प्रसंगाकडे वळतो. तो सांगताना दोन्ही बाजूंचे दुःख ध्यानात ठेवणे आम्हास अवश्य वाटते. विल्सनसाहेबांच्या शाळेत धनजीभाई नौरोजी नावाचा एक पारशी मुलगा शिकत असे. १८२२ साली त्याचा जन्म झाला होता. पुष्कळ वाचून व विचार करून तो ख्रिस्ती होण्याच्या निश्चयास आला आणि १ मे १८३९ रोजी त्याने बाप्तिस्मा घेतला. पाच-चार दिवसांतच होरमसजी पेस्तनजी या दुसऱ्या पारशी तरुणाचाही बाप्तिस्मा झाला. मुंबईत एकच खळबळ उडाली. मुलगा अज्ञान आहे, त्यास आमच्या स्वाधीन करावे, अशी मागणी नातलगांनी त्या वेळच्या सुप्रीम कोर्टापुढे केली. कोर्टाने धनजीभाईस समज आलेली आहे असे पाहून, कोठे राहावयाचे हे त्याने स्वतः ठरवावे असा निवाडा दिला. पारशी पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. इतर समाजांतील पालकांनीही तेच केले. भरलेली शाळा जवळजवळ रिकामी झाली.

नातलग दुष्ट नव्हते. आपले मूल हातचे गेले, या भावनेने त्यांचे अंतःकरण फाटले होते. इकडे सोळा वर्षांचा तो मुलगा, ज्या घरात लहानाचा मोठा झाला त्या घराचा उंबरठा त्यास कायमचा बंद झाला. आमच्या या जिल्ह्यांतील जुन्या ख्रिस्ती कुटुंबांत असे आजोबा-पणजोबा होऊन गेलेले आहेत. त्यांच्या नातवंडांस धनजीभाईंचे हे दुःख समजावून सांगावे लागणार नाही. या घटनेपुढे विल्सनसाहेब खचले नाहीत, आणि ज्या मुलाने आपल्या शब्दांवर विसंबून एवढे सोडले त्याची जबाबदारी त्यांनी शेवटपर्यंत टाकली नाही. पुढच्या यात्रेत हाच मुलगा त्यांचा सोबती झाला.

चौदा वर्षांच्या अखंड श्रमाने साहेबांची प्रकृती ढासळली आणि त्यांस मायदेशी विश्रांतीकरिता जाणे भाग पडले. सुएझचा कालवा त्या वेळी झालेला नव्हता; तो १८६९ साली खुला झाला. मुंबईहून आगबोटीने एडनवरून सुएझ, तेथून जमिनीवरून कैरो, अशी वाट होती. या वाटेने जावयाचेच तर सरळ पुढे न जाता पवित्र शास्त्रात वर्णिलेले देश पायाखाली घालावे, असे त्यांनी ठरविले. २ जानेवारी १८४३ रोजी गुरुशिष्यांनी मुंबई सोडली. धनजीभाई तेव्हा विशीचे होते.

मिसर देश पाहून ते उंटांवरून सीनायच्या रानात शिरले. इस्राएल लोक तांबडा समुद्र कोठून ओलांडून गेले असावेत, कोणत्या झऱ्यापाशी त्यांनी तळ दिला असेल, मोशेला नियमशास्त्र मिळाले तो डोंगर कोणता, या गोष्टींचा विचार विल्सनसाहेब एका हाती पवित्र शास्त्र धरून प्रत्यक्ष भूमीवर करीत चालले. त्यांची भक्ती डोळे मिटून चालणारी नव्हती. जेथे पुरावा आहे तेथे ते मानीत. जेथे केवळ दंतकथा आहे तेथे तसे स्पष्ट लिहीत. ज्या रानात आमच्याकडच्या मोहाच्या झाडाएवढी सावलीही कोसच्या कोस मिळत नाही, त्या रानातून बायकामुले व गुरेढोरे घेऊन एक अख्खे राष्ट्र चालले, हे नकाशावर बोट फिरवून कळत नाही. तहान लागल्यावर कळते.

सीनायच्या पायथ्याशी फार पुरातन मठ आहे. तेथील ग्रंथसंग्रहात पवित्र शास्त्राची अत्यंत जुनी ग्रीक हस्तलिखित पाने पुढच्याच वर्षी, १८४४ साली, टिशेनडॉर्फ या जर्मन पंडितास आढळली. पुढे एदोमाच्या डोंगरांत पेत्रा नगर लागते. तेथील मंदिरे व थडगी तांबूस खडकात कोरून काढलेली आहेत. विल्सनसाहेबांस आपल्याकडील कोरीव लेण्यांची चांगली माहिती होती. १८४८ साली लेण्यांच्या संशोधनाकरिता नेमलेल्या मंडळाचे ते पुढे प्रमुख झाले. अशा माणसास पेत्राच्या कड्यांपुढे उभे राहिल्यावर घारापुरी व वेरूळ आठवले नसेल, असे आम्हास वाटत नाही. एकेकाळी व्यापाराने गजबजलेले ते नगर ओसाड पडले होते, आणि राजवाड्यांच्या ठिकाणी शेळ्या चरत होत्या.

हेब्रोन येथे अब्राहामाचे व त्याच्या कुटुंबाचे समाधिस्थान दाखवितात. त्या काळी परधर्मीयांस आत प्रवेश नसे. प्रवाशास बाहेरच्या भिंतींवर समाधान मानावे लागे. पुढे यरुशलेम. ज्या नगराचे नाव लहानपणापासून प्रार्थनेत घेतले ते नगर वेशीतून पाय टाकताच कसे दिसते? अरुंद गल्ल्या, पडकी घरे, तुर्की अंमलदार, दारिद्र्याने गांजलेले यहूदी, आणि प्रभूच्या कबरेवर बांधलेल्या मंदिरात कोणती जागा कोणाची यावरून आपापसांत भांडणारे ख्रिस्ती पंथ. ज्याने सर्वांस एक व्हावे म्हणून प्रार्थना केली त्याच्या कबरेपाशी हे भांडण! त्या मंदिराच्या किल्ल्या शतकानुशतके मुसलमान कुटुंबांच्या हाती आहेत आणि आजही तीच वहिवाट चालू आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

विल्सनसाहेब ज्या मंडळीचे होते तीत स्थळांस व अवशेषांस वंदन करण्याची चाल नाही. म्हणून दगडाचे चुंबन घेण्याकरिता ते गेले नव्हते. तरी त्यांच्या मनावर या भूमीचा ठसा खोल उमटला. पवित्र शास्त्रातील दाखले तेथे त्यांस रोजच्या व्यवहारात जिवंत दिसले. मेंढपाळ मेंढरांच्या पुढे चालतो, बायका विहिरीवर घागरी घेऊन येतात, पेरणाऱ्याचे बी काही वाटेवर तर काही खडकावर पडते. हिंदुस्थानात राहिलेल्या माणसास ही दृश्ये नवखी नव्हती. आम्हास तर वाटते की इंग्लंड-स्कॉटलंडमधील वाचकापेक्षा आमच्या मूल-सिंदेवाहीकडील शेतकऱ्याच्या मुलास ते दाखले अधिक लवकर उमजतात. कारण बी पेरणारा त्याने रोज पाहिलेला असतो.

आता या यात्रेतील जो प्रसंग आम्हास सर्वांत मोलाचा वाटतो तो सांगतो. यरुशलेमच्या उत्तरेस नाबुलस गाव आहे. तेच जुने शखेम. गरिज्जीम डोंगराच्या पायथ्याशी तेथे शोमरोनी लोकांचा लहानसा समाज राहत असे. यहूदी व शोमरोनी यांचे वैर फार प्राचीन. उपासनेचे खरे स्थान कोणते, यरुशलेम की गरिज्जीम, हा तंटा शेकडो वर्षांचा. विल्सनसाहेबांनी या लोकांची भेट घेतली, त्यांच्या जुन्या इब्री ग्रंथाविषयी व चालीरीतींविषयी बारकाईने चौकशी केली. आजही हा समाज काही शेकड्यांत मोजण्याइतकाच उरला आहे.

त्या गावाजवळ याकोबाची विहीर आहे. नव्या करारातील कथा सर्वांस ठाऊक आहेच. भर दुपारी थकलेला प्रभू येशू त्या विहिरीच्या काठी बसला असता एक शोमरोनी स्त्री पाण्यास आली आणि त्याने तिच्याजवळ पाणी मागितले. यहूदी शोमरोन्याच्या भांड्यास शिवत नसे, म्हणून ती चकित झाली. तेथेच त्याने तिला शिकविले की खऱ्या उपासनेस या डोंगराचे किंवा त्या नगराचे बंधन नाही.

१८३९ साली स्कॉटलंडचे अँड्र्यू बोनार नावाचे पाळक या विहिरीपाशी आले होते. आत डोकावून पाहताना त्यांच्या अंगरख्यात ठेवलेले पवित्र शास्त्र निसटून खाली पडले. विहीर खोल, पुस्तक तेथेच राहिले. चार वर्षांनी विल्सनसाहेब व धनजीभाई तेथे पोहोचले तेव्हा ते पुस्तक काढून पाहावे असे साहेबांच्या मनात आले. दोर आणविले. याकोब नावाचाच एक शोमरोनी मनुष्य खाली उतरावयास तयार झाला. त्यास दोराने बांधून हळूहळू खाली सोडण्यात आले. विहिरीत त्या वेळी पाणी नव्हते, चिखल होता. त्या चिखलात चाचपडता चाचपडता बोनारांचे पुस्तक त्याच्या हाती लागले. भिजून, कुजून त्याची दशा झाली होती. तरी ते तेच होते. त्याच वेळी विहिरीचे मापही घेण्यात आले. खोली पंचाहत्तर फूट आणि रुंदी नऊ फूट भरली.

विद्यार्थ्यांनो, क्षणभर ते चित्र डोळ्यांपुढे आणा. विहिरीच्या काठी चार माणसे दोर धरून वाकलेली आहेत. त्यांत एक स्कॉटलंडचा पाळक आहे, आणि एक, ज्याच्या पूर्वजांनी शतकानुशतके अग्नीची उपासना केली असा मुंबईचा पारशी तरुण आहे. खाली अंधारात एक शोमरोनी आहे, ज्याचा जीव वरच्यांच्या हातांतील दोरावर अवलंबून आहे. ज्या जागी एकमेकांच्या भांड्यास न शिवणाऱ्या दोन जातींची गाठ पडली होती, त्याच जागी ही तीन देशांची माणसे एका दोरास लागली. पुस्तक सापडले ही गोष्ट नवलाची खरी. परंतु आम्हास त्या दोराचे अधिक नवल वाटते.

आमच्याकडे विहिरीची कथा सांगणे सोपे नाही. कोणत्या पाणवठ्यावर कोणी पाणी भरावे, कोणाची सावली कोणाच्या घागरीवर पडू नये, याचे निर्बंध आमच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या पाळले गेले. १९२७ साली डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसे घेऊन ओंजळभर पाण्याकरिता जावे लागले. विल्सनसाहेबांनी जातिभेदाच्या उगमाचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यावरील त्यांचा दोन भागांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १८७७ साली, प्रसिद्ध झाला. हा भेद ख्रिस्ती मंडळ्यांतही शिरल्याची उदाहरणे आहेत, हे आम्हास लपवावयाचे नाही. याकोबाच्या विहिरीवरील शिकवण प्रथम आपल्याच घरी लागू करावयाची असते.

यात्रा संपवून गुरुशिष्य त्याच वर्षी स्कॉटलंडात पोहोचले. तेथे त्यांस निराळीच परीक्षा द्यावी लागली. १८४३ च्या मे महिन्यात स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडून, सरकारी बंधन न मानणाऱ्या पाळकांनी आपापली मंदिरे व वेतने सोडून स्वतंत्र मंडळी स्थापन केली होती. विल्सनसाहेब या स्वतंत्र मंडळीस मिळाले. त्याचा परिणाम असा झाला की मुंबईत मोठ्या श्रमाने उभारलेली शाळेची इमारत जुन्या मंडळीकडे राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दुसऱ्या जागी नव्याने आरंभ करावा लागला. ओसाड पेत्रा व पडके यरुशलेम नुकतेच पाहून आलेल्या माणसास इमारतीचा शोक किती करावा याची अटकळ आली असली पाहिजे. शाळा नव्या जागेत पुन्हा भरली आणि वाढली.

१८४७ साली त्यांचा प्रवासग्रंथ दोन भागांत प्रसिद्ध झाला. त्यात स्थळांच्या वर्णनाबरोबर यहूदी, शोमरोनी व पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळ्या यांची हकिकत आहे आणि आपल्या कोकणातील बेने इस्राएल लोकांचाही वृत्तांत आहे. धनजीभाईंनी एडिंबरोस धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. १८४६ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली. पुढच्या वर्षी दोघेही हिंदुस्थानात परतले. धनजीभाईंनी गुजरात व मुंबई येथे दीर्घकाळ सेवा केली आणि १९०८ साली त्यांचा अंत झाला.

विल्सनसाहेब मायदेशी असतानाच त्यांच्याच बर्विकशायर परगण्यातील डन्स गावचे स्टीफन हिस्लॉप स्वतंत्र मंडळीतर्फे हिंदुस्थानास निघाले आणि १८४५ साली नागपुरास पोहोचले. आमची कित्येक मुले पुढील शिक्षणास ज्या हिस्लॉप कॉलेजात जातात त्याचे नाव यांच्यावरूनच पडले. हिस्लॉपसाहेब आपल्या या रानांतून फिरले, गोंड बांधवांची भाषा शिकले, त्यांची लिंगोची गाणी त्यांनी लिहून घेतली, आणि नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथील खडकात दडलेले प्राचीन प्राण्याचे अवशेष विद्वानांच्या नजरेस आणले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळ नदीच्या पुरात बुडून त्यांचा अंत झाला. गोंडांविषयीचे त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले. या गृहस्थाने यरुशलेम पाहिले नव्हते. त्यांची पवित्र भूमी वर्धा व वैनगंगेच्या मधली होती.

विल्सनसाहेबांचे पुढील आयुष्य थोडक्यात सांगतो. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा ते त्याच्या पहिल्या सभासदांत होते, आणि १८६८ साली कुलगुरू झाले. १८६४ साली आफ्रिकेचे प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईस आले तेव्हा त्यांनी सोबतच्या आफ्रिकन मुलांस यांच्याच शाळेत ठेवले. त्यांपैकी चुमा याने पुढे आपल्या धन्याचे शव आफ्रिकेच्या मध्यभागातून समुद्रकाठी आणण्याच्या कामात पुढाकार घेतला. १८७० साली स्कॉटलंडच्या स्वतंत्र मंडळीने विल्सनसाहेबांस आपल्या महासभेचे अध्यक्षपद दिले. मायदेशी राहून मानाने म्हातारपण घालविता आले असते. परंतु ते पुन्हा मुंबईस परतले. १ डिसेंबर १८७५ रोजी मलबार टेकडीवरील आपल्या बंगल्यात त्यांनी देह ठेविला. मुंबईच्या मातीतच त्यांचे दफन झाले.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. विल्सनसाहेबांनी पवित्र भूमी पाहिली होती, आणि तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. तरी मरावयाकरिता त्यांनी यार्देनचा काठ शोधला नाही. ज्या लोकांत सेवा केली त्यांच्यातच ते राहिले. यात्रेने त्यांचे ज्ञान वाढले, शास्त्रवचनांचा अर्थ उजळला, आणि तो लाभ लहान नव्हे. परंतु त्यांचा विश्वास यात्रेपूर्वी अर्धा नव्हता. आपली पत्नी मुंबईत पुरून पुन्हा शाळेत जाणारा, शाळा रिकामी झाली तरी एका मुलाचा हात न सोडणारा हा मनुष्य यरुशलेमची वेस पाहण्यापूर्वीच पूर्ण होता. तेव्हा, बाळा, तुझ्या आजीच्या पायपिटीस आमचा नमस्कार आहे. कारण ती मनापासून चालते. आणि ज्यास कोठेही जाता आले नाही त्यानेही मन लहान करू नये.

या वर्षी चैत्रातल्या यात्रेच्या वेळी आमच्या विद्यार्थ्यांनी शाळेच्या फाटकाशी पाणपोई घातली होती. रांजण ओल्या फडक्याने गुंडाळलेले, वर पळसाच्या डहाळ्या. ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, गोंड, सर्व घरची मुले पाळीपाळीने ओगराळ्याने पाणी देत होती. येणाऱ्यास जात कोणी विचारीत नव्हते, आणि देणाऱ्याचा धर्म कोणी विचारला नाही. मागच्या बाकावरचा तो मुलगा भर दुपारच्या पाळीस आपणहून उभा राहिला होता. त्या वेळी नकाशा आमच्या जवळ नव्हता; पण असता तर याकोबाची विहीर कोठे आहे हे दाखविण्यास काठी लांब न्यावी लागली नसती.